संघर्ष-सचिव अडकतात

“बाळ आहे हो गाडीत!” मी खिडकीतून ओरडलो.

“प्रत्येक गाडीत काहीतरी असतंच,” दगडावर बसलेला माणूस म्हणाला.

“बरोबर बोलला,” माझे सासरे स्टिअरिंगवर बोटं वाजवत म्हणाले. “तयार माणूस आहे.”

मागच्या सीटवर माझी बायको एल्सिरा आणि सात महिन्यांची वारा. नेमका याच वेळी वारानं लंगोट भरला. बाळाला घेऊन निघणाऱ्यानं पहिली शिकायची गोष्ट ही, की गाडी चालू असताना बाळ काही करत नाही. ते गाडी अडकण्याची वाट बघतं.

खालच्या कोचाबांबा शहरातून आम्ही सकाळी निघालो होतो. वर पठारावरच्या गावात सासऱ्यांची आई, तोमासा आजी, अंथरुणावर होती. वय चौऱ्याण्णव. तिचा निरोप आला होता, ‘पणतीला आणा, निकानोरनं स्वतः आणावं, लवकर.’ आजीनं आयुष्यात कधी कुणाला घाई केली नव्हती, म्हणून आम्ही त्याच दिवशी निघालो आणि घाटमाथ्यावर या दगडांपाशी थांबलो. तिथल्या गावाचा पूल दोन वर्षांपूर्वी वाहून गेला होता. नवा मिळेपर्यंत रस्ता बंद, असं म्हणून गावानंच हे दगड टाकले होते. मागे वळावं तर मागे साखरेचा ट्रक, त्याच्यामागे कोंबड्यांचा, त्याच्यामागे दिसेल तिथवर ट्रकच. डाव्या हाताला कडा, उजव्या हाताला दरी.

आता सासऱ्यांविषयी सांगायला हवं. निकानोर आयाविरी यांनी एकतीस वर्षं ट्रक चालवला आणि त्यातली बावीस वर्षं ते ट्रकवाल्यांच्या संघटनेचे संघर्ष-सचिव होते. आमच्याकडे प्रत्येक संघटनेत असा एक सचिव असतो. खजिनदार पैसे सांभाळतो, हा भांडणं सांभाळतो. लोकांच्या भिंतीवर लग्नाचे फोटो असतात. सासूबाईंच्या भिंतीवर सासऱ्यांनी अडवलेले तेरा रस्ते होते. त्या गेल्यावरही ते कुणी उतरवले नाहीत. अडकण्याचा मात्र त्यांना अनुभव नव्हता. ते कायम दगडांच्या पलीकडच्या बाजूला असत.

हजेरीची वही काखेत मारून एक बाई खिडकीशी आली. रस्ता अडवला की गावातल्या प्रत्येक घरानं त्या नाक्यावर एक माणूस पाठवायचाच असतो. न पाठवणाऱ्याचं नाव या वहीत जातं आणि वर्षभर निघत नाही.

“निकानोरकाका ना? ट्रकवाल्यांचे?”

सासऱ्यांनी छाती किंचित पुढे काढली.

“मी रेमेदिओस. तुमच्या नाक्यावर बटाटे उकडायला होते मी. बारा वर्षांची होते.”

“त्या नाक्यावर बटाटे कच्चे होते.”

“तेव्हाही हेच म्हणाला होतात.”

एल्सिरानं वाराला खिडकीतून पुढे केलं. “ताई, हिची पणजी वाट बघतेय. दोन दिवस काढेल की नाही, सांगता येत नाही.”

रेमेदिओसनं वाराच्या गालाला बोट लावलं. वारानं ते बोट तोंडात घातलं. “काकांसाठी काही करता आलं तर करायचंय मला,” ती म्हणाली. “पण मी एकटी कोण? सभा घ्यावी लागेल.”

सभा रस्त्यावरच भरली. शंभरेक माणसं, गालात कोकाची पानं. शाळेचा मास्तर आमच्या बाजूनं बोलला. ज्यांनी आपल्याला रस्ता अडवायला शिकवलं, त्यांचाच रस्ता आपण अडवायचा का, असा त्याचा सवाल होता. एका म्हातारीला रडू आलं. दोन पोरं दगड सरकवायला उठलीसुद्धा. एवढ्यात मागून कुणीतरी विचारलं, “पण नियम काय म्हणतो? काका इथंच आहेत, त्यांनाच विचारा की.”

“बाबा, नका,” एल्सिरा म्हणाली.

पण सासरे उभे राहिले होते. सभेत प्रश्न यावा आणि त्यांनी बसून राहावं, असं बावीस वर्षांत घडलं नव्हतं.

“साथींनो,” ते म्हणाले, “अँब्युलन्स सोडायची. अडलेली बाई सोडायची. बाकी कुणी नाही. एकाला सोडलं की दुसरा म्हणतो, मला का नाही? त्याची आई आजारी असते. रस्ता बंद झाला की ड्रायव्हरांच्या मेलेल्या आयासुद्धा आजारी पडतात.” लोक हसले. सासऱ्यांचा आवाज मोकळा झाला. “पहिली गाडी सोडाल, तर तुमचा पूल त्याच गाडीत बसून जाईल. मग बसा नदीकाठी.”

टाळ्या पडल्या. सासरे बसले तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता. तो साधारण अर्धं मिनिट तसाच राहिला. मग रेमेदिओसनं हात वर करायला सांगितले. आमच्या बाजूनं सात हात वर झाले. त्यातला एक माझा होता आणि मला मत नव्हतं.

“छान बोललात हो,” एल्सिरा म्हणाली. तिच्या तोंडून तिच्या आईचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

चालत जाणाऱ्याला मनाई नसते. पलीकडची ट्रकांची रांग नऊ किलोमीटर होती. तिच्या शेपटाशी गाड्या मिळत होत्या. सासऱ्यांचा डावा गुडघा एकतीस वर्षांच्या क्लचनं खाल्लेला. एल्सिरानं वाराला पाठीशी बांधलं, चार लंगोट आणि दुधाची बाटली घेतली. “तू बाबांजवळ थांब,” ती मला म्हणाली. “त्यांच्या गोळ्या पुढच्या कप्प्यात आहेत. विसरतात ते.”

सासरे तिच्याबरोबर दगड ओलांडून पन्नासेक पावलं गेले आणि थांबले.

“आजीला काय सांगू?”

“सांग, येतोय.”

मग दोन दिवस एका गाडीत आम्ही दोघं आणि छत्तीस कोरे लंगोट. त्या लंगोटांनी आम्ही काचा पुसल्या. गावकऱ्यांनी बटाटे दिले. ते नीट उकडलेले होते, पण सासऱ्यांनी तसं म्हटलं नाही.

“कशाला बोललात तुम्ही?” मी शेवटी विचारलं.

“त्यांनी विचारलं म्हणून.”

“आठवत नाही म्हणायचं.”

“त्यांना सगळं पाठ होतं, जावईबापू. मीच शिकवलेलं.” ते गुडघा चोळत राहिले. “माझ्या तोंडून ऐकायचं होतं, एवढंच.”

शनिवारी दुपारी एल्सिराचा फोन आला. ती पोचली होती. आजीनं वाराचं पाऊल मुठीत धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. मग विचारलं, “निकानोर कुठाय?”

“नाक्यावर अडकलेत, आजी.”

“कोणत्या बाजूला?”

हे ऐकून सासरे डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग चष्मा काढून पुसत बसले. हसणं थांबल्यानंतरही पुसतच होते.

रविवारी सकाळी पुन्हा फोन आला. आजी उजाडताना गेली होती.

मी रेमेदिओसला सांगायला गेलो. तिनं डोक्यावरची टोपी काढली, कुणाला काही विचारलं नाही, हजेरीची वहीही उघडली नाही. नियमात नसलं तरी ज्याच्या घरी मयत झाली त्याला आमच्याकडे कुठल्याही नाक्यावर वाट देतात, त्यावर सभा होत नाही. चार माणसं उठली आणि त्यांनी पाच दगड बाजूला लोटले. दोन दिवस आमच्याशी भांडणारा साखरेच्या ट्रकचा ड्रायव्हर टोपी हातात घेऊन उभा राहिला.

आम्ही पलीकडे गेलो. दहा पावलांवर सासऱ्यांनी गाडी थांबवली आणि दार उघडून उतरले. आभार मानायला चालले असतील, असं मला वाटलं. ते लंगडत मागे गेले, वाकले आणि त्या चौघांबरोबर एकेक दगड पुन्हा जागेवर लोटू लागले. पाचव्या दगडाला त्यांनी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.