बुसार्डचं खरं आडनाव

हृषिकेश कावळे जर्मनीतल्या र्युसेल्सहाइमला आला तेव्हा त्याला पहिल्याच आठवड्यात एक सुख लाभलं, ते म्हणजे इथे त्याचं आडनाव कुणालाच कळत नव्हतं. ऑफिसातले लोक ‘कावाले’ म्हणायचे. तुम्ही इटालियन वंशाचे का, असंही एकाने विचारलं होतं. हृषिकेशने नाही म्हटलं खरं, पण त्या दिवशी घरी येताना तो शीळ घालत आला.

अहमदनगरच्या शाळेत हजेरी घेताना सरांनी ‘कावळे’ म्हटलं की अख्खा वर्ग काव काव करायचा. इंजिनिअरिंगला गेल्यावर होस्टेलच्या मुलांनी पहिल्याच रात्री त्याला कठड्यावर बसवून पंख हलवायला लावले. पितृपक्षात तर विचारूच नका. लग्न ठरत असताना शुभदाच्या मावशी म्हणाल्या होत्या, “मुलगा सोन्यासारखा आहे हो, पण आडनाव तेवढं...” आणि पुढचं वाक्य त्यांनी चहाबरोबर गिळलं होतं. थोरला भाऊ कपिल याने तर सरळ गॅझेटमधून आडनाव बदलून घेतलं. फार काही करावं लागलं नाही. मधला ‘व’ गाळला, कावळेचं काळे झालं. “तूही उरकून टाक,” कपिल फोनवर म्हणायचा, “पोरीची शाळा पुढे सरकली की अवघड जाईल.” हृषिकेशलाही ते पटलं होतं. दोन हजार सोळाच्या शेवटी पासपोर्टची मुदत संपत होती. त्या आधी करायचं, असं त्याने ठरवून टाकलं होतं.

बेसबॉल त्याच्या आयुष्यात शिरला तो शेजारच्या टेबलवरच्या फिंकमुळे. हा फिंक गिअरबॉक्सचा माणूस, बोलणं कमी, पण शनिवारी नदीपलीकडच्या गावात जाऊन चेंडू फेकायचा. एकदा कँटीनमध्ये कुणाच्या तरी हातून सफरचंद निसटलं आणि हृषिकेशने ते मागे न बघता झेललं. फिंक म्हणाला, “तू शनिवारी काय करतोस?”

त्या क्लबचं नाव स्पात्झन, म्हणजे चिमण्या. त्याची कथा फिंकने गाडीत सांगितली. सत्त्याऐंशी साली इथल्याच मोटारींच्या कारखान्यात एकाच लाइनवर राबे, हान आणि फिंकचे वडील असे तिघे काम करत होते. फिंक म्हणजे एक छोटा गाणारा पक्षी, हान म्हणजे कोंबडा, राबे म्हणजे डोमकावळा. जवळच्या तळावरच्या अमेरिकन सैनिकांकडून ते बेसबॉल शिकले. पण तिघांचा संघ कसा होणार? तेव्हा राबेने टेलिफोन डिरेक्टरी उघडली आणि पक्ष्यांची आडनावं शोधून फोन लावायला सुरुवात केली. पहिल्या स्पेश्तने फोन आपटला. दुसरा स्पेश्त आला आणि तीस वर्षं टिकला. स्पेश्त म्हणजे सुतारपक्षी. पुढे पक्षी संपले, मग ज्याचं आडनाव साधं त्याला पहिला मोसम खेळल्यावर पक्ष्याचं टोपणनाव द्यायचं असा नियम झाला. लांब पायांचा यिल्माझ करकोचा झाला. क्लबचा हिशेबनीस श्मिट रात्री जागतो म्हणून घुबड झाला.

हृषिकेश ऐकत होता आणि खिडकीबाहेर बघत होता.

मैदानावर राबे भेटला. अडुसष्ट वर्षांचा, गुडघ्याला पट्टा, डोक्यावर विटकी टोपी. आता तो प्रशिक्षक होता. प्रत्येक नव्या माणसाला तो हस्तांदोलन करतानाच एक प्रश्न विचारायचा. हृषिकेशलाही विचारला.

“कावाले. याचा अर्थ काय होतो?”

“काही नाही,” हृषिकेश म्हणाला. “गावाचं नाव आहे.”

“असं होय,” राबे म्हणाला, आणि त्याने त्याला एक जुना ग्लव्ह दिला.

पहिल्याच दिवशी उंच चेंडू आला तेव्हा हृषिकेशने क्रिकेटच्या सवयीने ग्लव्हचा हात मागे घेतला आणि उघड्या उजव्या हाताने चेंडू झेलला. सगळं मैदान थांबलं. राबे ओरडला, “हात मोडायचाय का? ते कातडं कशाला दिलंय?” पण ओरडताना तो हसत होता. हृषिकेशला लांबच्या कोपऱ्यात, आउटफिल्डला उभं केलं. तिथे तो खुलला. चेंडू बॅटवरून सुटला की तो वर एकदा बघायचा, मग मान खाली घालून पळायचा आणि नेमका खाली पोचल्यावर पुन्हा वर बघायचा. मोसम संपल्यावर सॉसेज भाजत असताना राबेने काट्याने बाटली वाजवली आणि जाहीर केलं, “हा वर घिरट्या घालतो आणि एकदम खाली येतो. बुसार्ड!”

बुसार्ड म्हणजे शिकारी पक्षी, घारीच्या जवळचा. शर्टाच्या पाठीवर ठळक अक्षरांत ते नाव छापून आलं. हृषिकेशने तो शर्ट घरी आणून आरशापुढे दोनदा घातला. छत्तीस वर्षांच्या माणसाने असं करू नये हे त्याला कळत होतं. शुभदा दारातून म्हणाली, “काय रे, अर्थ विचारला असेल ना त्यांनी आडनावाचा? काय सांगितलंस?”

“सांगितलं काहीतरी.”

शुभदाने त्याच्याकडे क्षणभर बघितलं आणि विषय सोडून दिला.

पुढच्या वर्षी जूनमध्ये क्लबचा उन्हाळी मेळावा होता. शुभदाने बटाटेवडे केले होते, ते पहिल्या अर्ध्या तासात संपले. मैत्रेयी तेव्हा आठ वर्षांची. मराठी तिला सगळं कळायचं, पण उत्तर यायचं ते जर्मनमध्ये. ती स्पेश्तच्या नातींबरोबर गवतावर लोळत होती. मैदानाच्या कडेला उंच पॉपलरची झाडं, त्यांवर कावळे. राबे मुलांना सांगत होता की हे पक्षी माणसाचा चेहरा विसरत नाहीत.

“मला माहितीये,” मैत्रेयी म्हणाली. “मी शाळेत त्यांच्यावर प्रोजेक्ट केला. कारण आमचं नाव तेच आहे. कावळे म्हणजे क्रेह!”

क्रेह म्हणजे कावळाच. हान हसत सुटला, करकोचा यिल्माझ टाळ्या वाजवू लागला, कुणीतरी काव काव केलं. ते आनंदाने केलं होतं, हे कुठल्याही परक्या माणसाला कळलं असतं. हृषिकेशला कळलं नाही. त्याचे कान तापले. हातातली प्लेट त्याने टेबलावर ठेवली आणि तो म्हणाला, “मैत्रेयी, चल. घरी जायचंय.”

राबे मात्र हसत नव्हता. तो हळूहळू उठून जवळ आला.

“मी विचारलं होतं,” तो म्हणाला. “पहिल्याच दिवशी.”

“हो.”

“तीस वर्षांत डिरेक्टरीबाहेरून पक्ष्याचं आडनाव घेऊन आलेला तू एकटा. तेही माझ्याच जातीचा पक्षी. आणि तू म्हणालास गावाचं नाव.” त्याने टोपी काढून पुन्हा घातली. “आमच्याकडे वाईट बापाला राबेनफाटर म्हणतात, ठाऊक आहे ना? डोमकावळ्यासारखा बाप. माझी बायको मुलीला घेऊन गेली तेव्हा तिच्या घरच्यांना शब्द शोधावा लागला नाही. नावासकट तयार मिळाला. म्हणून मी विचारतो सगळ्यांना. उगाच नाही विचारत.”

हृषिकेश गाडीकडे चालू लागला.

गाडी पुलावर आल्यावर मैत्रेयीने जर्मनमध्ये विचारलं, “बाबा, तू खोटं का बोललास?”

“मोठ्यांचं असतं काहीतरी.”

“क्रेह वाईट आहे का?”

“नाही गं.”

“मग?”

शुभदाने खिडकीबाहेर तोंड केलं. तिने मदत केली नाही. ती करणार नव्हतीच, हे हृषिकेशला ठाऊक होतं.

दोन शनिवार तो मैदानावर गेला नाही. फिंकला म्हणाला, पाठ दुखतेय. फिंकने मान हलवली आणि गिअरबॉक्सचं बोलू लागला. तिसऱ्या आठवड्यात रविवारी सकाळी हृषिकेशने नगरला वडिलांना फोन लावला. प्रताप कावळे गुरुजींनी जिल्हा परिषदेच्या शाळांत चौतीस वर्षं शिकवलं होतं. आता ते सकाळी पेपर वाचून संपवायचे आणि दुपारी तोच पुन्हा वाचायचे.

“बाबा, एक विचारू? शाळेत तुम्हाला पोरं चिडवायची का? आडनावावरून?”

“चिडवायची म्हणजे! पहिल्याच दिवशी. एकाहत्तर साल, पाथर्डीकडची शाळा. फळ्याकडे वळलो की मागून काव काव.”

“मग तुम्ही काय केलंत?”

“मीही केली.”

“काय?”

“काव काव. माझी जास्त चांगली होती. लहानपणी शेतावर सराव झालेला.” गुरुजी खोकले, की हसले, ते कळलं नाही. “मग पोरांना शिकवली. नीट घशातून काढायची असते.”

“मग थांबली असतील.”

“छे! निवृत्त होईपर्यंत करत होती. सत्काराच्या दिवशी तर पालकांनीसुद्धा केली. ते माझेच जुने विद्यार्थी ना.”

हृषिकेश हसला. मग म्हणाला, “दादाने बदललं तेव्हा तुम्हाला वाईट वाटलं का?”

पलीकडे पेपरची घडी घातल्याचा आवाज आला.

“कपिलला फार त्रास झाला रे लहानपणी. तो माझ्यासारखा नाही, मनाला लावून घेतो. बदललं, बरं केलं. विचारलं असतं तर मी हो म्हणालो असतो. विचारलं नाही त्याने. गॅझेटचा कागद टपालाने घरी आला, तेव्हा कळलं. एवढंच.” आणि मग साध्या आवाजात, “तू विचारतोयस का?”

हृषिकेशने फोन दुसऱ्या कानाला लावला. गेले सहा महिने कपिलने पाठवलेला अर्जाचा नमुना त्याच्या लॅपटॉपवर होता. त्याला वाटलं होतं, बाबांना याची काही कल्पना नसेल.

“विचारणार होतो,” तो म्हणाला. “आता नाही विचारत.”

“बघ बाबा. माझी सक्ती नाही.”

“माहितीये.”

फोन ठेवल्यावर तो स्वयंपाकघरात गेला आणि शुभदाला म्हणाला, “राहू दे आडनाव.” ती पोह्यांत कोथिंबीर घालत होती. “मी कुठे बदल म्हटलं होतं?” ती म्हणाली. “मावशीला तेवढा प्रॉब्लेम होता, आणि तिचं स्वतःचं सासरचं आडनाव ढेकणे.” लग्नाला दहा वर्षं झाली होती आणि हे तो प्रथमच ऐकत होता.

पुढच्या शनिवारी तो सगळ्यांच्या आधी मैदानावर पोचला. राबे एकटाच चुन्याच्या गाड्याने पांढऱ्या रेघा मारत होता. हृषिकेश त्याच्या बाजूने चालू लागला.

“मिस्टर राबे, मी तुमच्याशी खोटं बोललो. लाज वाटत होती.”

“कशाची?”

“आमच्याकडे कुणी मेलं की कावळ्याला बोलावतात. बाकी दिवशी हाकलतात. मला लहानपणी रोज हाकललंय.”

राबेने गाडा थांबवला. रेघ जरा वाकडी आली होती, तिच्याकडे त्याने बघितलं.

“लाज मलाही वाटायची,” तो म्हणाला. “दुसऱ्या लग्नात बायकोचं आडनाव घ्यायचं, असं ठरवलं होतं. कायद्याने चालतं इथे. लिंडनर झालो असतो. ती म्हणाली, मला लिंडनर नको, त्यांच्यापासून सुटायला तर मी लग्न करतेय.” तो फुस्सकन हसला. मग पुन्हा गंभीर झाला. “बुसार्ड मात्र परत द्यावा लागेल.”

“म्हणजे?”

“टोपणनाव ज्याच्याकडे पक्षी नाही त्याला. तुझ्याकडे आहे. दोन पक्षी एका माणसाला देत नाही आम्ही. एकोणीसशे सत्त्याऐंशीचा नियम.”

हृषिकेशला वाटलं गंमत चाललीय. पण राबे हात पुढे करून उभा होता. शर्ट बॅगेत होता. त्याने तो काढला, घडी उलगडून एकदा पाठ बघितली आणि दिला. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगा. ते नाव त्याने स्वतः कमावलं होतं, आणि दुसरं नुसतंच मिळालं होतं.

नवा शर्ट दोन आठवड्यांनी आला. पाठीवर KAWALE. त्या शर्टातला पहिला सामना त्याच रविवारी होता, आणि सातव्या डावापर्यंत स्पात्झन एका धावेने मागे. समोरच्या फलंदाजाने चेंडू उंच उडवला, सरळ हृषिकेशच्या दिशेने. त्याने वर बघितलं, मान खाली घातली, पळाला, पोचला. तेवढ्यात बाकावरून कुणीतरी पूर्ण ताकदीने काव काव केलं. आवाज ओळखीचा होता. मैत्रेयी बाकावर उभी राहून, तोंडाशी दोन्ही हात धरून ओरडत होती.

कान तापलेच. तीस वर्षांची सवय एका फोनने जात नाही. ग्लव्हच्या कडेला लागून चेंडू सुटला आणि गवतात पडला. त्याने तो उचलला आणि फिंककडे फेकला. फेक चांगली होती, पण तोपर्यंत दुसऱ्या संघाचा खेळाडू घरच्या बेसवर पोचला होता, म्हणजे आणखी एक धाव गेली.

बाकावर परतल्यावर राबेने त्याला पाण्याची बाटली दिली. मैत्रेयीचा चेहरा मात्र पडला होता. ती जवळ आली आणि पहिल्यांदाच, अडखळत का होईना, मराठीत म्हणाली, “बाबा, माझ्यामुळे पडला?”

“नाही,” हृषिकेश म्हणाला. “पण तुझी काव काव बरोबर नाही. घशातून काढायची असते.”

“कशी?”

त्याने आजूबाजूला बघितलं. स्पेश्त बुटाची नाडी बांधत होता, हान केळं खात होता. हृषिकेशने घसा साफ केला आणि लेकीला करून दाखवली. फार चांगली झाली नाही. हान केळं हातात धरून त्याच्याकडे बघत राहिला.

सामना दोन धावांनी गेला. त्या वर्षी स्पात्झन आठ संघांत सहावे आले. आदल्या वर्षी सातवे होते.