पेटीतला तात्यांचा नंबर

मित्रांनो, मी कराडजवळच्या एका विहिरीवरची जुनी पेटी आहे. माझ्या पोटात एक सिमकार्ड आणि एक छोटा प्रोग्राम आहे. वीज आली की मालकांच्या फोनवर रिंग द्यायची आणि त्यांनी उलट फोन केला की मोटार सुरू करायची, एवढंच माझं काम. मला तात्याबांनी बसवलं. पहिला नंबर त्यांचाच, दुसरा त्यांच्या मुलाचा, लालासाहेबांचा. "लय गुणाची हाय," असं तात्याबा चारचौघांत सांगायचे आणि मी फुगून जायचे.

तात्याबा वारले. पुढे सांगलीहून मेकॅनिक सम्मेद आला. "दादा, हिच्या प्रोग्रामात खोट निघालीय. फोन कुणाच्या हातात हाय ते ही बघत न्हाई, नुसता नंबर बघती. नवा प्रोग्राम टाकला की आधी गुप्त आकडा विचारंल. फक्त जुनं नंबर पुसलं जातील."

लालासाहेब चिडले. "तात्यांचा नंबर पुसायचा न्हाई. चालतंय न्हवं? मग हात लावू नगंस."

बंद पडलेला तो नंबर वर्षभराने फोन कंपनीने कुणा परक्याला दिला. मी आपली वीज आली की तिकडेही रिंग देत राहिले. एके दिवशी त्याने उलट फोन केला आणि मोटार सुरू झाली.

"आवं, तुमी चालू केली व्हय?" राहीबाईंनी नवऱ्याला विचारलं. लालासाहेबांनी माझ्या पडद्यावरचा नंबर पाहिला. "तात्या पाणी पाजत्यात गं," म्हणत त्यांनी माझ्यासमोर उदबत्ती लावली. मग असं वरचेवर होऊ लागलं. मला त्या उदबत्तीची भीती वाटायची. खरं काय ते ठाऊक होतं, पण सांगायला तोंड नव्हतं.

एका दुपारी मोटारीचा पट्टा सरकला. वीज नव्हती, म्हणून राहीबाई तो बसवायला वाकल्या. तेवढ्यात वीज आली. मी रिंग दिली. परक्याने लगेच उलट फोन केला. नंबर तात्यांचा होता, मी मोटार सुरू केली. राहीबाईंची किंकाळी अजून माझ्या पत्र्यात आहे.

तिसऱ्या दिवशी लालासाहेब मिरजेच्या दवाखान्यातून थेट विहिरीवर आले. माझ्यासमोर उभं राहून त्यांनी पहिल्यांदाच तो नंबर लावला.

"तात्या?"

"कोण तात्या? रोज रिंग देऊन कशाला छळताय हो?" पलीकडून एक अनोळखी माणूस खेकसला.

लालासाहेबांनी तो फोन कापला आणि सम्मेदला लावला. संध्याकाळी सम्मेदने नवा प्रोग्राम टाकला. दहा मिनिटं लागली.

मित्रांनो, यंत्राची दुरुस्ती दारात आली तर तिला परत पाठवू नका. गेलेल्या माणसाच्या फोटोला हार घाला, पण चालत्या यंत्रात त्याला ठेवू नका. राहीबाई आता उजव्या हाताच्या तीनच बोटांनी भाकरी थापतात.