ओलं गोणपाट

वैजूचं तोंड बंद करायचं असेल तर घरात कुणाला आवाज चढवावा लागत नसे. नुसतं ‘नळी’ म्हटलं तरी पुरे.

एरवी ही पोरगी कुणाचं ऐकणारी नव्हती. नववीत होती, वक्तृत्वात तालुक्यात पहिली आलेली, आणि बोलायला लागली की बाभळीवरचे होले उडून जातील असा आवाज. पण होळीनंतर एका सकाळी गुलछडीच्या वाफ्यात दांड्या कापताना तिला पायाशी काळं, लांब, पांढऱ्या पट्ट्यांचं काहीतरी दिसलं. तिनं विळा भिरकावला, दोन वाफे एका उडीत ओलांडले आणि ‘साप’ म्हणून अशी किंकाळी फोडली, की शेजारच्या मळ्यातले लोक काठ्या घेऊन धावत आले. निघाली ठिबकची नळी. त्यांच्या विहिरीचं पाणी खारं, त्यामुळे जुन्या काळ्या नळ्यांवर क्षाराची पांढरी कडी धरतात. तिच्या बापानं, बद्रीनाथनं, ती फुटकी नळी स्वतःच्या हातानं तिथं टाकली होती.

लोक पोट धरधरून हसले. मोठ्या आईनं, म्हणजे थोरल्या चुलतीनं, तर वरून सुनावलं, “आन् सकाळच्या पारी त्याचं नाव घिऊन बोंबलायचं नस्तं. जनावर म्हणावं.”

तेव्हापासून वैजू नळी झाली. मळ्यात नळी, फुलं नेणाऱ्या जीपमध्ये नळी, आणि कुणाकडून कसं पोचलं कोण जाणे, पण शाळेतही नळी.

आज आई-बाप पैठणला नातेवाइकाच्या लग्नाला गेले होते. मळ्यावर तिघीच होत्या. वैजू, तिची मोठी आई साळूबाई आणि कामाला येणारी बानाबाई. शहरात संध्याकाळी एक मोठं लग्न होतं आणि मांडवाच्या कमानीची सगळी गुलछडी इथूनच जायची होती. चैत्र सरत आलेला. ऊन असं, की सूर्य बांधावर आला की चटका बसायला लागायचा. म्हणून अंधुक उजेडातच तिघी वाफ्यात उतरल्या. खालची एखाद-दुसरी कळी उमललेली आणि वरच्या मिटलेल्या, अशी दांडी बघायची, बुडाशी विळा लावायचा, डाव्या हातावर घ्यायची. वासानं डोकं जड होईपर्यंत कापायचं.

मग जुड्या बांधून लिंबाखाली ओल्या गोणपाटात गुंडाळायच्या. ही गोणपाटं मोठी आई आदल्या संध्याकाळीच भिजवून लिंबाच्या बुडाशी पसरून ठेवायची. रातभर गार झालेल्या गोणपाटात फूल ताजं राहतं, असं तिचं म्हणणं. गुंडाळीला बांधायला सुतळी नाही, जुन्या नळीचे तुकडे. सुतळी ओलीनं सडते, नळी सडत नाही. हेही तिचंच.

गुंडाळ्या ओळीनं लावून झाल्या. वैजू घागरीतलं पाणी प्यायला वाकली आणि पिता पिता तिची नजर खोडाजवळच्या शेवटच्या गुंडाळीवर गेली.

गोणपाटाच्या घडीतून काळं, चकचकीत टोक बाहेर आलेलं होतं. त्यावर बारीक पांढरी कडी. वीतभर असेल. तिनं तांब्या खाली ठेवला, तेवढ्यात ते आत सरकलं.

सरकलं?

वैजूनं दुरूनच पुन्हा पाहिलं. गुंडाळीला नळीची गाठ होती, काळी, पांढऱ्या कड्यांची. गाठीचं टोक सैल होऊन आत गेलं असेल. ओल्या गोणपाटाचं वजन बसलं की जातंच. किंवा नसेल गेलं. ती एकटक बघत राहिली, पण आता काहीच हलत नव्हतं. आणि ओरडायला उघडलेलं तोंड, होळीनंतरचं सगळं आठवून, तिनं मिटून घेतलं.

रस्त्यावरून हॉर्न वाजला. सांडूची काळी-पिवळी जीप विहिरीपाशी येऊन थांबली. सांडू गंगापूर ते शहर अशी गाडी चालवायचा आणि बोलणं निम्मं इकडचं, निम्मं तिकडचं.

“चलो मावशी, पाशिंजर खोळंबलंय फाट्यावर.”

“ओल बघू दे,” मोठी आई म्हणाली.

ओल बघणं म्हणजे काय, ते वैजूला पाठ होतं. मोठी आई कुणाच्या शब्दावर गुंडाळी जीपमध्ये चढू द्यायची नाही. प्रत्येक गुंडाळीच्या तोंडातून कोपरापर्यंत हात घालायची, आत बोटं फिरवायची, कोरडं लागलं तर पाणी मारायची. न बघता. बोलता बोलता. लोणच्याच्या बरणीत घालावा तसा तो हात जायचा.

तिनं ओळीच्या त्या टोकापासून सुरुवात केली. पहिल्या गुंडाळीत हात गेला, बाहेर आला.

“झ्याक.”

सांडूनं ती उचलली. दुसरीत हात गेला. बानाबाई काहीतरी सांगत होती, कुणाच्या तरी सुनेचं, आणि मोठी आई हसत होती. हिरव्या बांगड्या गोणपाटाला घासून कुरकुरत होत्या. तिसरी. वैजूला वाटलं, बोलावं. मग वाटलं, नळीच असली तर? सगळी गुंडाळी उन्हात सोडायची, मांडवाची फुलं कोमेजवायची, आणि मग जन्मभर नळी. सासरी जाईपर्यंत नळी. जीभ टाळूला चिकटली. जिनं गच्च भरलेल्या सभागृहात बिनकागदाचं भाषण ठोकलं होतं, तिची.

मोठी आई शेवटच्या गुंडाळीपाशी आली. खाली बसली. हात पुढं केला.

“मोठे आई, थांब.”

“काय गं?”

“त्याच्यात हात घालू नको. कायतरी हाये.”

बानाबाईनं पदर तोंडाला लावला. “नळी आसंल, माय.”

सांडू जीपला टेकून हसला. “ए नळी, टाइम खोटी नको करू.”

“तू गप रे सांडूदादा,” वैजू म्हणाली. आवाज चढला नाही, याचं तिचं तिलाच नवल वाटलं. “म्या पाह्यलं. ते सरकलं.”

“गाठीचं टोक आसंल, येडे,” असं म्हणत मोठ्या आईनं हात पुढं नेलाच. वैजू दोन ढांगांत गेली आणि तिनं ते मनगट धरलं.

साळूबाईचं मनगट घरात कुणी धरलेलं नव्हतं. चुलत्यानंही नसेल.

“हात सोड.”

“नाय सोडत.”

“वैजे, हात सोड म्हन्ते ना. पोरी, लई शेफारलीस तू.”

“आधी उघडून बघू. मग बोल मला काय बोलायचं ते.”

मोठ्या आईनं हात मागं घेतला. मग म्हणाली, “बरं. उघड. आन् कायबी नाय निघालं तर तूच जायचं मांडवात, फुलं कामून सुकली ते सांगाया.”

वैजूनं वाफ्याच्या कडेचं दाताळं आणलं. लांब दांड्याला धरून दुरूनच गाठ ओढली. गाठ सुटली आणि नळीचा तुकडा टपकन मातीत पडला. काळा, पांढऱ्या कड्यांचा.

बानाबाईनं तो उचलून सांडूला दाखवला. “हे घ्या. धरलं जनावर.”

आता तर मोठी आईही हसली. सुटल्यासारखी हसली. “झालं समाधान? सरक तिकडं.” आणि गोणपाट परत गुंडाळायला तिनं दोन्ही हात खाली नेले.

वैजूच्या कानात हसणं भरलं होतं. तरी तिला एवढंच दिसत होतं, की नळीची गाठ गुंडाळीच्या अलीकडं होती. आणि तिनं पाहिलेलं टोक पलीकडं, खोडाच्या बाजूला होतं.

ती ओरडली नाही. तिनं दाताळ्याचे दात गोणपाटात रुतवले आणि मोठ्या आईच्या हाताखालून ते एका झटक्यात ओढलं.

गुलछड्या घरंगळल्या. गोणपाट उलटलं. त्याच्या आतल्या घडीत, जिथं बोटं फिरायची तिथंच, काळं वेटोळं पडलेलं होतं. डोकं स्वतःच्याच अंगाखाली लपवून. ना फुत्कार, ना काही. मण्यार. दिवसा कुणाच्या वाटेला न जाणारी आणि हात पडला तर चावल्याचंही कळू न देणारी.

नाव कुणीच घेतलं नाही. सांडू बॉनेटवर कधी चढला ते कुणाला दिसलं नाही. “मारो, मारो उसको,” तो वरून म्हणत राहिला, पण खाली उतरला नाही. वेटोळं सावकाश सुटलं आणि विहिरीच्या दगडांच्या फटीत नाहीसं झालं.

मोठी आई मातीत बसून आपल्या उजव्या हाताकडं बघत होती, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. बानाबाईनं तिला पाणी दिलं. घोटभर पाणी हनुवटीवरून ओघळलं.

वैजूला खरं तर खूप बोलायचं होतं. ‘नळी कोण?’ इथपासून सुरू करून संध्याकाळपर्यंत पुरेल एवढं. पण दाताळं मांडीवर घेऊन तीही तिथंच बसली.

मग जीपमध्ये चढलेल्या गुंडाळ्या परत खाली आल्या. एकेक सोडून, दाताळ्यानं झटकून, पुन्हा बांधल्या. काही दांड्यांच्या खालच्या कळ्या चुरगळल्या होत्या, त्या खुडून टाकल्या. सांडूनं एकदाही हॉर्न वाजवला नाही. उन्हाचा चटका सावलीच्या कडेपर्यंत आला तरी ‘पाशिंजर’ म्हणाला नाही.

“उद्यापास्नं गोणपाटं दोरीवर धुणं वाळत घालतो तशी टांगू,” मोठी आई म्हणाली. “खाली नाय ठिवायची.”

बानाबाईनं मान हलवली.

शेवटची गुंडाळी राहिली. मोठी आई नेहमीसारखी उकिडवी बसली, हात पुढं केला आणि गोणपाटाच्या तोंडाशी तो थांबला. बांगड्या वाजायच्या थांबल्या.

“वैजे,” ती मान न वळवता म्हणाली, “तू बघ गं आधी.”

वैजूनं दाताळ्याच्या टोकानं घडी उचलली. वाकून आत पाहिलं. घाई न करता, पार बुडापर्यंत पाहिलं.

“घाल हात,” ती म्हणाली.