दुसरी नदी

“बाबा, दुसरी नदी कुठंय?” आईच्या अस्थींचा कलश छातीशी धरून मैत्रीनं विचारलं.

अवधूतनं नकाशा पुन्हा उलगडला. कागदावर दोन निळ्या रेघा एकमेकींना भेटत होत्या. समोर मात्र एकच नदी वाहत होती. दुसरीच्या जागी नुसते पांढरे गोटे आणि त्यांत माजलेली झुडपं.

अमेरिकेत कॅरी गावाजवळच्या एका विद्यापीठात तो जुने नकाशे स्कॅन करायचा. डोंगरातल्या या आडबाजूच्या दरीचा नकाशा आजोबा-पणजोबांच्या काळातला. त्याची प्रत त्यानं घरी नेली होती. त्याची बायको यामिनी तिथल्या मराठी मंडळात कीर्तन करायची, तो मागं झांज धरायचा. “एकटं पाणी नुसतं वाहतं, दोन भेटली की तीर्थ होतं,” असं ती कीर्तनात सांगायची. शेवटच्या दुखण्यात तिनं त्या दोन रेघांच्या भेटीवर बोट ठेवलं. “मला इथं सोडा हं.”

“सोडेन,” तो म्हणाला होता.

जावई शैलेंद्र हातातल्या फोनमधून मान वर न काढता बोलला, “वर डॅम झालाय, बाबा. पाणी टनेलमधून पलीकडे वळवलंय. नव्या मॅपवर क्लिअर दिसतंय. चेक नाही केलं?”

“तिनं बोट जुन्यावर ठेवलं होतं. नवा बघायचं सुचलंच नाही.”

मैत्री हसली. “टिपिकल! आई केमोला उबरनं एकटी जायची, तेव्हा तुम्ही नकाशे स्कॅन करत होतात. निदान नकाशा तरी बरोबर काढायचा!”

“जाऊ दे ना यार,” शैलेंद्र पुटपुटला.

“का जाऊ दे? ऐकू देत.”

 अवधूतनं नदीतून बाटली भरली, गोट्यांवरून धडपडत वर गेला आणि कोरड्या पात्रात पाणी ओतलं. गोट्यांनी ते पिऊन टाकलं. तो पुन्हा खाली आला, पुन्हा भरून वर गेला.

“बाबा, व्हॉट आर यू डूइंग?”

“जरा थांब गं. हे पाणी नदीला टेकलं ना, की सोड तिला.”

“आम्हाला फ्लाइट पकडायचीय.” मैत्रीनं कलश पालथा केला.

राखेचा करडा पट्टा क्षणभर तरंगला आणि वळणाआड गेला. अवधूतच्या हातातली बाटली अजून कललेलीच होती. त्यातलं पाणी गोट्यांमधून वाट काढत आलं, नदीच्या वीतभर अलीकडे थांबलं, आणि उन्हात सुकू लागलं.

त्यानं बाटलीचं झाकण नीट फिरवून लावलं.