डॉक्टरीणबाईंचं लग्न

जहाजावरची डॉक्टरीण पहिल्या कादंबरीत चौतिशीची होती, नवव्या कादंबरीतही चौतिशीचीच राहिली. मधल्या काळात मला कवळी बसली. तिची सगळी प्रुफं मीच तपासली. वादळानंतर ती केबिनमध्ये येऊन ओले केस पिळते, ब्लाउज पाठीला चिकटलेला असतो, तो परिच्छेद मी पुन्हा पुन्हा वाचला. चुका शोधायला नव्हे. त्याच पानावर एक ओळ दोनदा छापली गेली. माझ्यासारख्या काटेकोर माणसाकडून हे कसं सुटलं, ते प्रेसमध्ये कुणालाच उमगलं नाही.

दहाव्या कादंबरीच्या शेवटी तिचं कप्तानाशी लग्न होतं. ते वाचून मी प्रुफं बाजूला सारली. या वयात हे सांगणार कुणाला? लेखिकाबाई प्रेसमध्ये आल्या तेव्हा चाचरत म्हणालो, "लग्न जरा... घाईत वाटतं."

"का हो काका? कप्तानात काय वाईट आहे?"

"तो तिला शोभत नाही."

"मग कोण शोभतं? तुम्ही?"

बाइंडर खो खो हसला. "बाई, काका गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेत!"

मीही हसलो. हसलो नसतो तर उघडा पडलो असतो.

"बरं, तुमच्या शब्दाखातर लग्न रद्द," बाई म्हणाल्या. त्या संध्याकाळी मी शीळ घालत घरी गेलो.

नवं प्रकरण आलं. त्यात डॉक्टरीण तापाने मरते. बाईंचा फोन आला, "लग्न नाही म्हटल्यावर शेवट काय करणार? मारून टाकली. तुमचं ऐकलं ते बरंच झालं, वाचक ढसाढसा रडतील."

तिच्या मरणाची प्रुफंही मीच तपासली. एकही चूक राहू दिली नाही.

घरी घास उतरेना. बायकोने विचारलं, "कोण गेलं?"

"कुणी नाही. डॉक्टरीण."

"पुस्तकातली?"

मी मान डोलावली.

"माझं ऑपरेशन चाललं होतं, तेव्हा बाहेर बाकावर तुम्ही तिचीच प्रुफं वाचत होतात. नर्स सांगत होती. डबाही चाटूनपुसून संपवलात."

मी घाईघाईने ताट पुढे ओढलं.

"राहू द्या," ती म्हणाली. "आता माझ्यासाठी नका जेवू."

आणि ताट उचलून आत घेऊन गेली.