डोळा फुटल्यानंतर

खुशालरावांनी उजवा तळहात पुढे केला, मैनाबाईंनी झारी उचलली, तेवढ्यात मांडवाच्या कडेहून सून दामिनी म्हणाली,

"मामाजी, हिरीचं काय ठरलं?"

माइक चालू होता. प्रश्न वावरभर गेला.

बडनेरा रस्त्यालगतचा हा तुकडा शाळेला दान व्हायचा होता. शाळेला नाव अमोलचं. खुशालरावांचा गेलेला मुलगा, दामिनीचा नवरा. आज पाणी सोडायचं, उद्या अमरावतीला बक्षीसपत्राची नोंदणी. विहीर याच तुकड्यात. मागची संत्र्याची झाडं त्या विहिरीवर, आणि घर त्या झाडांवर.

संस्थेचे अध्यक्ष कुलदीपभाऊ हसले. माइक जवळ ओढला.

"चांगल्या कामात एखादा झारीतला शुक्राचार्य असतोच!"

मांडव हसला. खुर्च्या करकरल्या. कुणी उठलं, परत बसलं.

"गुरुजी, थो कोन?" मैनाबाईंनी विचारलं.

अर्थ.

विधीला बसलेल्या चिंतामणगुरुजींनी सांगितला. वामनाने बळीराजाकडे तीन पावलं जमीन मागितली. राजा दानाचं पाणी सोडणार, तर त्याचा गुरू शुक्राचार्य झारीच्या तोटीत जाऊन बसला. पाणी अडलं. वामनाने दर्भाची काडी घातली. डोळा फुटला.

"तेव्हापासून, कामात आडवा येईल त्याला असं म्हणतात."

वाक्यात उपयोग.

"सोताच्या नवऱ्याचं नाव लागून राह्यलं, तरी आडवी!"

"शिकेल-सवरेल बाई शुक्राचार्यच निंगते!"

"काडी घाला, गुरुजी, काडी!"

दामिनीने मांडवाचा बांबू धरला होता. बोटं पांढरी पडली होती.

"नाव लागू द्या ना. मी कावून नाई म्हनीन? हिरीचं तेवढं लिवून द्या."

"बस आता," खुशालराव तिच्याकडे न पाहता म्हणाले. "लोकायसमोर शोभते काय हे?"

कुलदीपभाऊंनी घड्याळ पाहिलं. पुन्हा पाहिलं. रस्त्यावर एक ट्रक हॉर्न वाजवत गेला, वाजवतच गेला.

"मुहूर्त टळतो, काकू. सोडा पाणी."

मैनाबाईंनी झारी कलती केली. आणि सरळ केली.

"मंग डोया फुटल्यावर थो कुठीसा गेला?"

"कोण?"

"थोच. शुक्राचार्य."

गुरुजींनी दर्भ या बोटातून त्या बोटात नेला.

"जाईल कुठे? बळीजवळच राहिला. त्याच्याच घरचा तो."

"अन् वामनानं काय केलं?"

"काकू..." कुलदीपभाऊ म्हणाले.

"दोन पावलांत सगळं घेतलं," गुरुजी हळू बोलले, पण माइकने ऐकलं. "तिसरं बळीच्या डोक्यावर."

खुशालरावांचा हात अजून पुढेच होता. त्यावर ऊन पडलं होतं. मैनाबाई नवऱ्याकडे पाहत होत्या, झारी सरळ धरून. मग खुशालरावांनी हात झारीखालून काढला आणि धोतराला पुसला. कोरडाच होता, तरी पुसला.

"दामिनी," ते म्हणाले. "इकडे ये. माह्याजवळ बस."

ती आली. बसली.

"भाऊ, बक्षीसपत्र तयार हाये म्हनत होते ना तुमी? हिले वाचू द्या."

"आत्ता?"

"आत्ता."

"गाडीत आहे," कुलदीपभाऊ म्हणाले. "आणतो."

ते फोन कानाला लावून रस्त्याकडे गेले. मांडवातले सगळे तिकडे पाहत होते.

गाडीचं दार लागलं. मग इंजिन सुरू झालं.

मैनाबाईंनी झारी खाली ठेवली.