बेकरीसमोरचा पोकळ खांब

मोठे साहेब तपासणीला येणार म्हणून आमच्या ऑफिसने काय करावं? तारा ओढून घ्याव्यात, फुटके इन्सुलेटर बदलावेत? छे! खांबांना रंग दिला. नवरी नटवावी तसे सगळे लोखंडी खांब खालपासून डोक्याइतक्या उंचीपर्यंत चकाचक चंदेरी. सकाळी ड्युटीवर आलो, रस्त्यावरचे पहिले चार खांब पाहिले आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

एकोणतीस वर्षं मी लाइनमन आहे. माझ्या नाकावर राग असतो असं सगळे म्हणतात, खुशाल म्हणू देत. खांबावर चढण्याआधी मी त्याच्या बुंध्यावर हातोडी मारतो. टणटणीत वाजला तर ठीक. भदभद वाजला तर आतून गंजलाय, त्याच्या वाटेला जायचं नाही. अशा खांबाला आम्ही छातीच्या उंचीवर लाल पट्टा मारतो. हे कुठल्या नियमात नाही, पण आमच्या सगळ्या लोकांना माहीत आहे.

बेकरीसमोरच्या खांबाला असा पट्टा मीच मारला होता. जमिनीलगत त्याची इतकी चाळण झाली होती की मूठ आत जाईल. लोकांना वाटतं, खांब तारांना धरून असतो. इथे उलटं होतं. दोन्ही बाजूंच्या तारांनी खेचून धरला होता म्हणून तो उभा होता.

ऑफिसात शिरून मी साहेबांना फैलावर घेतलं, माझा पट्टा पुसायला कोणी सांगितलं म्हणून. साहेब शांतपणे म्हणाले की तो खांब बुटका पडतो म्हणून आज जातोच आहे, शेजारी नवा उभा केलाय, दुसरी गँग जुन्यावरच्या तारा सोडवायला गेली आहे. वर कोण चढलंय, मी विचारलं. साहेबांनी यादी पाहिली आणि माझ्या मुलीचं नाव वाचलं.

दोन वर्षांपूर्वी तीही लाइनवर लागली, माझ्यापेक्षा चपळ आहे, आणि कामाला तिच्याइतकं नेटकं कोणी नाही. पण ही नवी पोरं हातोडी मारत नाहीत, लाल पट्टा नाही ना एवढं बघतात आणि चढतात. एका बाजूच्या तारा तोडल्या की तो खांब दुसऱ्या बाजूला कोसळणार, आणि ती कमरेच्या सेफ्टी बेल्टने त्यालाच बांधलेली. फोन लावावा तर वर चढताना फोन खालच्या पिशवीत ठेवायचा, हे मीच तिला शिकवलेलं. स्कूटर काढली आणि रस्त्यात येईल त्याला शिव्या घालत सुटलो.

पोचलो तेव्हा एका बाजूच्या चार तारांपैकी दोन खाली लोंबत होत्या आणि तिसरीला तिने कटर लावला होता. मला बोंब मारायची होती. पण दचकून तिने हात आवळला असता तर सगळंच संपलं असतं. आयुष्यात कधी बोललो नाही इतक्या हळू आवाजात बोललो.

"बाळा, कटर काढ. काही तोडू नकोस. आणि हलू नकोस."

तिने खाली पाहिलं. माझा असा आवाज तिने कधी ऐकला नव्हता, त्यामुळे तिला लगेच कळलं. कटर काढून ती खांबाला चिकटून राहिली. गँगच्या लोकांनी नव्या खांबाला लावलेल्या शिडीवरून दोर टाकून जुना खांब नव्याला दोन ठिकाणी आवळला, मग ती एकेक पायरी खाली आली. तिचे पाय जमिनीला टेकले आणि माझ्या रागाचा बांध फुटला.

बुंध्याला लाथ मारली. रंगाखालची पुट्टी ढेकळासारखी पडली आणि भोक उघडं झालं. पेंटर तिथेच फुटपाथवर डबे आवरत होता. त्याची गचांडी धरली, आंधळा आहेस का, म्हणालो. तो बिचारा म्हणाला की कुठे भोक दिसलं तर बुजवायचं, कुठे डाग दिसला तर झाकायचं, त्याला एवढंच सांगितलं होतं. तेवढ्यात साहेब जीपमधून आले. मी त्यांच्याकडे वळलो. तोंडाला येईल ते बोललो. खुनी म्हणालो.

साहेबांनी एकच विचारलं, खांब खराब असल्याचं लेखी कुठे आहे?

मी म्हणालो, लेखी कसलं, पट्टा होता ना! कागद काळे करायला कारकून आहेत.

मुलगी बुंध्याजवळ बसली होती. भोकात तिचा हात मनगटापर्यंत आत होता. तो बाहेर काढून तिने पुसला आणि माझ्याकडे पाहिलं.

"बाबा, तुम्ही कळवलंच नव्हतं?"

"आपल्या माणसांना माहीत असतं."

"पेंटरला कसं माहीत असणार? वादळात खांब पडला असता तर बेकरीपुढच्या रांगेला माहीत होतं?"

ती चिडली असती तर बरं झालं असतं, मी दुप्पट चिडलो असतो. तिने जीपमधून दुरुस्तीचा फॉर्म आणला, पेन माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "लिहा. माझ्यासमोर लिहा."

जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून मी लिहायला लागलो. खांब कुठला, दोष काय, हे झालं. पुढे रकाना होता, दोष प्रथम कधी आढळला. मी आजची तारीख घालायला गेलो.

"खरी घाला," ती म्हणाली.

मी खरी घातली. पाच आठवड्यांपूर्वीची. तिने ती वाचली, एकेक बोट मिटत ते पाच आठवडे मोजले, आणि स्कूटरकडे न येता जीपमध्ये साहेबांच्या मागे जाऊन बसली.